उन्हाने खाल्लेला गालिचा

१

“हा खून आहे,” साहेब म्हणाले.

मी खाली पाहिलं. प्रेत कुठे दिसेना. जमिनीवर होता तो एक गालिचा. इराणी, हाताने विणलेला, शंभरी ओलांडलेला. लाल अंग, मधोमध निळा चांद, कडेने वेलींचा काठ. एवढा सुरेख गालिचा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर आत्ताही नीट पाहत नव्हते, कारण खोलीत मिट्ट अंधार होता.

“इथे बघा,” साहेबांनी मोबाइलचा उजेड पाडला.

चांदाच्या अलीकडे, या काठापासून त्या काठापर्यंत, वीतभर रुंदीचा एक फिकट पट्टा गेला होता. तेवढ्या भागात लाल रंग विटून विटकरी झाल्यासारखा दिसत होता. पट्ट्याचं डावीकडचं टोक काचेच्या एका अवजड कपाटाखाली शिरलं होतं.

विमा कंपनीसाठी नुकसान तपासणं हे माझं काम. जळलेली स्वयंपाकघरं आणि भिजलेली गोदामं बघण्यात केस पांढरे झाले. गालिचे, शाली, पडदे असलं काही आलं की कंपनी मलाच पाठवते. मी त्या विषयात शिकले आहे हे एक कारण, आणि बाकीच्यांना धुळीने शिंका येतात हे खरं कारण. साहेबांनी सकाळी सकाळी कंपनीत फोन करून आरडाओरडा केला होता, म्हणून मी न्याहारी सोडून धावत आले होते. त्यामुळे माझं डोकं जरा तापलेलंच होतं.

“कधी दिसलं हे?”

“आज सकाळी. आंघोळीला गेलो आणि पाणी गेलं, म्हणून लगेच बाहेर आलो. बघतो तर तो पडदा,” त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं, “हातभर सरकलेला! गालिच्यावर उजेड, आणि उजेडात हा पट्टा. मी आंघोळीला गेलो की या घरात कोणीतरी रोज पडदा उघडतंय. उन्हाने खाल्ला माझा गालिचा.”

खिडकीवर जमिनीपर्यंत लोंबणारा जाड तपकिरी पडदा होता. त्याच्यामागे आणखी एक.

“ज्याने हे केलं, त्याने आपलं बोचकं बांधायचं,” साहेब म्हणाले. “तुम्ही फक्त नाव काढा. आणि सुताराला बोलावलंय. ही खिडकी फळ्या ठोकून कायमची बंद करणार आहे.”

असं म्हणून ते भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे चालत दारापाशी गेले. गालिच्यावर पाय द्यायची त्या घरात कोणालाच परवानगी नव्हती. भिंतीच्या कडेने पाऊलभर फरशी मोकळी होती, तेवढ्यावरून सगळे ये-जा करत. साहेबांनी दाराला आतून किल्ली फिरवली, ती दोरीने गळ्यात अडकवली आणि बनियनच्या आत सोडली.

“नाव कळेपर्यंत कोणी बाहेर जाणार नाही.”

“म्हणजे मीसुद्धा?” मी विचारलं.

“तुम्हीसुद्धा,” साहेब म्हणाले.

२

कोंडलं गेलं की माणसाला आधी घर कळतं. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर आधी माझ्या नाकाला कळलं. सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. प्रत्येक खोलीत गालिचे, प्रत्येक खिडकीवर दुहेरी पडदे, दिवे पिवळे आणि मंद. साहेब निवृत्त अधिकारी. निवृत्तीनंतर जुन्या गालिच्यांचा नाद लागला, आणि नादापायी घराची तिजोरी झाली. फरक एवढाच की तिजोरीत माणसंही होती.

माझ्याखेरीज तीन जण कोंडले होते. वहिनी, म्हणजे साहेबांची बायको. आक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहणारी. आणि गालिचे झाडायला येणारा एक मध्यमवयीन गृहस्थ, ज्याला सगळे ब्रशवाला म्हणत. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मोबाइलवर कोणाला तरी सांगत होता, “अहो, कोंडलंय मला! कसं येऊ?”

मी त्याच्यापासून सुरुवात केली.

“बाई, माझ्यावर आळ घेऊ नका,” तो म्हणाला. “पडद्याला मी हात लावत नाही. त्यावर धूळ किती आहे बघा, झटकला तर शिंकून शिंकून मरेन. साहेबांना शंभरदा म्हटलं, पडदेही साफ करतो. नको म्हणतात. उघडावे लागतील ना!”

“मग अंधारात साफ कसं करता?”

“हे बघा.” त्याने पिशवीतून एक पट्टा काढला. खाणीतले कामगार लावतात तसला, कपाळावर दिवा असलेला. “ब्रशपुढचं हातभर दिसतं. त्या हातभर जागेत काय लाल आणि काय गुलाबी! गालिचा संपूर्ण असा मी कधी पाहिलेलाच नाही.”

“मागची बाजू?”

“उलटू देतात होय? कोपरा जरी उचलला तरी साहेबांच्या छातीत कळ येते.” तो पुढे वाकला. “मी सांगतो ते लिहू नका. पण या घरात आलो की मला धाप लागते. मी तासाभराने सुटतो. ही माणसं कशी राहतात, देव जाणे.”

मी उठले तेवढ्यात दारात आक्का उभ्या राहिल्या. उंच, हाडापेराने मजबूत, अंगात जाड स्वेटर.

“त्याला कशाला छळता?” आक्का म्हणाल्या. “पडदा मी उघडत होते.”

३

“रोज?” मी विचारलं.

“रोज. बाळ्या आंघोळीला गेला की. म्हाताऱ्या हाडांना ऊन नको का? खिडकीशी खुर्ची घेऊन ऊन खात बसायचे मी. घ्या लिहून.”

बाळ्या म्हणजे आमचे साहेब. मला हसू आलं असतं, पण आक्का गंभीर होत्या.

“साहेब तुम्हाला घराबाहेर काढतील, आक्का.”

“काढू दे. या वयात बोचकं असं किती मोठं असणार माझं!” त्या म्हणाल्या. आवाज मात्र कापला.

मला कबुली देणारी माणसं आवडत नाहीत. आग मीच लावली म्हणणारा माणूस बहुतेक वेळा कोणालातरी पाठीशी घालत असतो. मी विषय बदलला आणि वरच्या फळीवरचा पेला मागितला. आक्कांनी डावा हात वर केला, तो पुरेना. उजवा हात त्यांनी हलवलाही नाही.

“खांदा धरलाय,” त्या ओशाळून म्हणाल्या. “वेणीसुद्धा वहिनी घालते माझी.”

त्या वहिनी ओट्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. ठेंगण्या, सडपातळ. पेला त्यांनाही पोचला नसता. त्यांनी मुकाट्याने पाट ओढला, त्यावर चढून पेला काढला आणि पाणी भरून माझ्या हातात दिलं. त्यांचे हात थंडगार होते.

“एक विचारू?” त्या हळूच म्हणाल्या. “उन्हाने खरंच जातो का हो रंग? म्हणजे थोडा वेळ जरी पडदा उघडला तरी?”

“जाऊ शकतो.”

“आणि गेलेला परत येतो?”

“नाही.”

त्यांनी डोळे मिटले. नुकसान कोणी केलं असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. किंमत विचारली नाही, नवरा काय करील हेही विचारलं नाही. जरा थांबून त्यांनी एवढंच विचारलं, “सुतार कधी येणार आहे, काही म्हणाले का ते?”

४

मी खिडकीकडे गेले. अर्थात भिंतीला पाठ लावून, आडवी. साहेब खुर्चीत बसून माझ्या पावलांवर नजर ठेवून होते.

“गालिचा घेताना कुठे पाहिला होता?” मी सहज विचारलं.

साहेब खुलले. गालिचा कसा मिळवला हे सांगायला माणसाला फार आवडतं. “दुकानाच्या तळघरात. तिथेच दिव्याखाली पसरला आणि तिथेच सौदा केला. दुकानदार म्हणत होता, गच्चीवर चला, उन्हात उलटून पालटून दाखवतो. मी म्हटलं, खबरदार! जुन्या रंगाला ऊन म्हणजे विष. त्यालाच चार गोष्टी शिकवून आलो.”

“आणि इथे आणल्यावर?”

“गुंडाळून आणला, पडदे लावून उलगडला. त्या दिवसापासून उन्हाची तिरीप लागू दिली नाही. असं मला वाटत होतं!”

मी पडद्याची कड हातात घेतली. सगळ्या पडद्यावर धूळ होती, पण कडेचा एक भाग हाताने धरून धरून चकचकीत झाला होता. तो माझ्या छातीच्या उंचीला होता. आक्कांच्या उंचीच्या बाईने धरला असता तर आणखी वर धरला असता, आणि तो ओढायला दोन धडके खांदे लागले असते. मी पडद्याआड शिरले.

बऱ्याच वेळाने नीट उजेड दिसला. काच स्वच्छ होती, फक्त एका जागी तेलकट डाग होता, कपाळाएवढा. तिथे कपाळ टेकायचं तर मला गुडघे वाकवावे लागले. वाकवले. आणि मला तेच दिसलं जे त्या डागाच्या मालकिणीला रोज दिसत असणार.

आधी खिडकीचा बाहेरचा कट्टा दिसला. त्यावर हिरवंगार शेवाळ होतं. मग समोरची उंच इमारत. आणि खाली, पलीकडच्या फुटपाथवर, कडेवर लहान मूल घेतलेली एक तरुण बाई. ती चार पावलं पुढे जाई, परत येई आणि मान वर करून नेमकी या खिडकीकडे बघे. पडद्याआड काहीतरी हललेलं दिसताच तिने घाईघाईने मुलाचा हात धरून हलवला.

ती मला हात करत नव्हती, हे मला कळलं.

“ती आमची चिमी,” पडद्याआड शिरून आक्का माझ्या कानाशी पुटपुटल्या. त्या कधी आल्या कळलंच नाही. “बाळ्याची लेक. याला पसंत नव्हता त्याच्याशी लग्न केलं, म्हणून याने दार बंद केलं. तेव्हापासून किल्ली गळ्यात. सांगतो काय, तर चोर येतील, गालिचे नेतील! फोनही त्याच्याच ताब्यात, बाहेर गेलो तरी हा सोबत. वहिनीने नातवाला अजून हातात घेतलेलं नाही हो. या काचेतूनच काय ते बघते. आज पडदा नीट ओढायच्या आत हा बाहेर आला, म्हणून पोर अजून खाली थांबलीय.”

“आक्का, तुम्ही खोटं बोललात माझ्याशी.”

“परत बोलेन. नाव माझंच लिहा. पण एवढं करा, खिडकी वाचवा.”

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

“सुतार!” साहेब ओरडले.

५

“थांबा तिथेच, उघडतो,” साहेब बंद दारातून सुताराला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “हं, मॅडम. नाव?”

“माझं. ऊन खायला उघडत होते मी,” आक्का मध्येच म्हणाल्या.

“आधी नुकसान, मग नाव,” मी म्हटलं. “सगळ्यांना बोलवा. आणि ब्रशवाल्यांना ते काचेचं कपाट जरा सरकवायला सांगा.”

साहेब नाखुशीने कबूल झाले. सगळे भिंतीला पाठ लावून रांगेत उभे राहिले. वहिनींनी आतूनच सांगितलं, चहा ठेवलाय, आणते. कपाट कुरकुरत बाजूला झालं, आणि मी ब्रशवाल्याच्या कपाळावरचा दिवा हातात घेऊन त्याचा उजेड तिथे टाकला.

“बघा, साहेब. पट्टा कपाटाखालीही गेलाय. गालिचा आणल्यापासून कपाट इथेच आहे ना?”

“इथेच.”

“म्हणजे ऊन कपाट उचलून खाली शिरलं?”

साहेब वाकून कपाटाच्या जागेकडे बघू लागले.

मी पट्ट्याच्या कडेवर बोट टेकवलं आणि लोकरीची लव दोन्ही बाजूंना दाबून उघडली. “उन्हाने लोकरीची टोकं फिकी पडतात. मुळाशी रंग जसाच्या तसा राहतो. इथे बघा, टोक जसं तसंच मूळ. ही लोकर गाठीपर्यंत याच रंगाची आहे. आणि पट्ट्याची कड बघा. गाठींच्या एका ओळीवर सुरू होतो, एका ओळीवर संपतो. ऊन काही गाठी बघून पडत नाही. आता कोपरा उलटते.”

“अहो, नको!”

उलटला. पाठीवरही तोच पट्टा, तितकाच फिकट, तितकाच सरळ.

“पाठीला तर ऊन कधीच लागलं नाही,” ब्रशवाला म्हणाला.

“लागलं नाही. हा पट्टा या घरात पडलेलाच नाही. विणणाऱ्या बाईची लाल लोकर संपली. तिने नवी रंगवली. घरच्या भांड्यात, झाडपाल्याच्या रंगात, ती थोडी फिकी उतरली. मग तिसरी खेप पुन्हा गडद उतरली. हाताने रंगवलेल्या जुन्या गालिच्यात असे पट्टे असायचेच. जाणकार ते बघून खूश होतात. रंग यंत्राचा नाही याची ती खूण असते. दुकानदार गच्चीवर चला म्हणत होता, तो हेच दाखवायला.”

“मग मला इतके महिने कसा दिसला नाही?” साहेबांनी विचारलं.

“कारण तुम्ही तुमचा गालिचा कधी पाहिलेलाच नाही. तळघरात पिवळा दिवा, इथे पिवळा दिवा. आज पडदा उघडा राहिला आणि तुम्हाला पहिल्यांदा दिसला. आणखी एक. या खिडकीच्या कट्ट्यावर शेवाळ आहे. समोरच्या इमारतीमुळे इथे ऊन येतच नाही. येतो तो नुसता उजेड, आणि घटकाभराच्या उजेडाने काही बिघडलेलं नाही. नुकसान नाही, गुन्हा नाही. सुताराला परत पाठवा आणि दार उघडा.”

आक्कांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की ब्रशवाला दचकला. मीही जरा ऐटीत होते, खोटं कशाला सांगू. आता हा माणूस ओशाळेल, हसेल, किल्ली काढेल असं मला वाटलं.

साहेबांनी गालिच्याचा कोपरा हलक्या हाताने सारखा केला. मग उठले.

“या खिडकीत ऊन येत नाही म्हणता.”

“नाही.”

“मग उन्हासाठी पडदा उघडला हे खोटं.” त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. “म्हणजे कोणीतरी बाहेर बघायला उघडत होतं. काय आहे बाहेर बघण्यासारखं?”

आक्कांची कबुली मीच खोडून काढली होती, आणि तीही इतक्या शहाणपणाने, सगळ्यांसमोर.

“माझं काम नुकसान तपासायचं,” मी म्हटलं. “नुकसान नाही. पुढचं माझ्या कामात येत नाही.”

“काही हरकत नाही,” साहेब शांतपणे म्हणाले. “मला कळलंय काय ते. पट्टा उन्हाचा नसेल. फळ्या तरीही बसतील.”

ते दाराकडे जायला वळले. मला इतका संताप आला की हातातला दिवा फेकून मारावासा वाटला. पण मारून काय झालं असतं? किल्ली त्यांच्या गळ्यात होती.

६

“अहो,” वहिनी म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये काठोकाठ भरलेले चहाचे कप. पायांत न्हाणीघरातल्या रबरी सपाता, त्यांतून पाणी ठिबकत होतं. भिंतीला पाठ लावायच्या ऐवजी त्यांनी एक पाऊल समोर टाकलं. काठावर. मग दुसरं, वेलींवर. मग त्या पट्टा ओलांडून सरळ मधल्या निळ्या चांदावर जाऊन उभ्या राहिल्या.

“सपाता!” एवढंच साहेबांच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं. “ओल्या आहेत!”

“हो. ओल्या आहेत.”

“उतर खाली! आधी उतर!”

ते पुढे झेपावले. वहिनींनी ट्रे किंचित कलता केला. कपांतला चहा काठाशी आला, आणि साहेब जागच्या जागी थिजले.

“पडदा मी उघडत होते,” वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण कापतही नव्हता. “रोज. चिमीला बघायला आणि तिच्या बाळाला. आजपर्यंत वाटायचं, मी चोरी करतेय. सकाळी वाटलं, मी तुमचा गालिचा मारला. आत या बाईंचं सगळं ऐकलं. मी काहीच बिघडवलं नव्हतं हो.”

“आपण नंतर बोलू. तो ट्रे…”

“किल्ली.”

“काय?”

“गळ्यातली किल्ली काढा, दाराला लावा आणि बाजूला व्हा. मग मी उतरते.”

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे. सपातांभोवती निळा रंग ओला होऊन काळपट दिसत होता. ट्रे आणखी जरासा कलला. एका कपातून एक थेंब निघाला आणि ट्रेच्या कडेशी येऊन थांबला.

“बाळ्या,” आक्का म्हणाल्या, “ती सांडेल हं.”

साहेबांनी गळ्यातली दोरी ओढून काढली. डोळे ट्रेवर खिळले होते, त्यामुळे किल्ली कुलपात जाईना. शेवटी गेली. दार उघडलं. बाहेर फळ्या खांद्यावर घेतलेला सुतार ताटकळत उभा होता.

वहिनी गालिच्यावरून उतरल्या, ट्रे माझ्या हातात दिला आणि त्याच रबरी सपातांनी जिना उतरू लागल्या. सपातांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

“खिडकी कुठली म्हणालात?” सुताराने विचारलं.

“ही,” मी म्हटलं आणि दोन्ही पडदे टोकापर्यंत ओढले. इतकी धूळ उडाली की ब्रशवाला शिंकतच सुटला. आक्का काचेशी जाऊन उभ्या राहिल्या, मीही ट्रे घेऊन त्यांच्याशेजारी. खाली वहिनी रस्त्याच्या कडेला पोचल्या होत्या आणि एक बस मधून जायची वाट बघत होत्या. बस गेली. मग चिमीने मूल आईच्या हातात दिलं, आणि वहिनींना ते कसं धरावं हे क्षणभर सुचेना.

“बाळ्या, ये रे,” आक्का रडत म्हणाल्या. “एकदा बघ तरी.”

मी मागे वळले. गालिचा भरउजेडात पसरला होता. लालाच्या किती छटा त्यात होत्या! साहेब त्यावर गुडघे टेकून बसले होते, खिडकीकडे पाठ करून. अंगातल्या बनियनच्या टोकाने ते चांदावरचे सपातांचे ओले ठसे टिपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आक्कांनी डोळे पुसले. मग गालिच्यावरून सरळ चालत दारापाशी गेल्या, कुलपातली किल्ली डाव्या हाताने काढली आणि स्वेटरच्या खिशात टाकली.